सहाशे फुटांवर कोरडी धूळ: आपल्या खडकात पाणी असते तरी किती?

माणदेशी मास्तर (धागाकर्ता)

गेल्या चैत्रात आमच्या वस्तीवर, माण तालुक्यात, धाकट्या भावाने चौथी कूपनलिका घेतली. बोअरची गाडी रात्री नऊला आली, पहाटे तीनपर्यंत हातोडा चालू होता, आणि ६१० फुटांवर भावाने स्वतःच हात वर करून थांबायला सांगितले. तोवर पाणी तर सोडाच, साधा ओलसर चिखलही वर आला नव्हता. नुसती करडी धूळ उडून आजूबाजूच्या बोरी-बाभळी पिठात लोळल्यासारख्या दिसत होत्या. त्याच रानात आजोबांनी खोदलेली विहीर सात परसांची, म्हणजे जेमतेम ४२ फुटांची आहे, आणि १९७२ च्या दुष्काळात तिच्यावर तीन वस्त्या पाणी भरत होत्या असे आई सांगते. बाहत्तरला अन्न नव्हते पण पाणी होते, हे वाक्य आमच्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आहे. मला त्या वाक्याचा हिशेब मांडून पाहावासा वाटला, म्हणून हा धागा.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या अग्निजन्य खडकाचा, बेसाल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांचा हा थप्पी लावल्यासारखा डोंगर तयार झाला. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात: वर माती, मग मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या, त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण, मध्येच कुठे तांबड्या गेरूसारखा थर, आणि पुन्हा मांजऱ्या. पाणी राहते ते मुख्यतः मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. अखंड पाषाणात पाणी राहायला जागाच नसते. वरचा झिजलेला थर साधारण ६० ते १०० फुटांपर्यंत जातो, आणि आजोबांची विहीर नेमकी त्याच थरात होती. त्यांना भूशास्त्र येत नव्हते, पण पहार कुठे थांबते ते कळत होते.

आता आकडे. झिजलेल्या बेसाल्टमधून पाणी निथळून निघण्याचे प्रमाण शास्त्रीय अंदाजात साधारण २ टक्के धरतात, म्हणजे शंभर घनमीटर खडकातून दोन घनमीटर पाणी मिळते. आमच्याकडे चांगल्या वर्षी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला दहावा हिस्सा खाली मुरतो असे धरले, तर ५० मिलिमीटर, म्हणजे एका हेक्टरखाली वर्षाला ५०० घनमीटर किंवा ५ लाख लिटर पाणी जमा होते. खडकातली पोकळी २ टक्केच असल्यामुळे एवढ्याशा पाण्याने भूजलाची पातळी अडीच मीटरने, आठ फुटांनी वर येते. श्रावणात विहीर काठोकाठ भरलेली पाहून आपण खूष होतो, पण ती भरते ती पाणी फार आले म्हणून नव्हे, भांडे लहान आहे म्हणून. लहान भांडे लवकर भरते आणि लवकर रिकामेही होते, आणि माघात तळ दिसू लागला की आपल्याला पावसाने दगा दिल्यासारखे वाटते.

याच ५ लाख लिटरसमोर उसाचे एक हेक्टर ठेवून पाहू. उसाला वर्षाकाठी सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. एका हेक्टर उसासाठी चाळीस हेक्टरांखालचे पाणी लागेल, आणि ते चाळीस हेक्टर अर्थातच एका माणसाच्या मालकीचे नसतात.

जुन्या काळी वाड्यात धान्याचे पेव, म्हणजे जमिनीत खोदलेले कोठार असे. खळे झाले की पेव भरायचे आणि पुढच्या खळ्यापर्यंत ते पुरवायचे, इतका सोपा नियम होता. आपले भूजल हे असे पेव आहे, आणि आपण मात्र त्याच्याकडे खाणीसारखे पाहतो, की आणखी खोल गेले की आणखी सापडेल. भावाचे चार बोअर म्हणजे पेवाचा तळ फोडून खाली धान्य शोधणे झाले, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, मग डाळिंबाला काय पाजू? याला माझ्याकडे उत्तर नव्हते. जाणकारांनी माझा हिशेब तपासावा आणि चुकले असेल तिथे सांगावे.

प्रतिसाद १: खडकवाचक

मास्तर, हिशेबाचा सांगाडा बरोबर आहे, पण तीन ठिकाणी दुरुस्ती सुचवतो. मी आयुष्यभर विहिरींच्या पातळ्या मोजल्या आहेत, त्यामुळे थोडे लांबेल.

पहिली गोष्ट, खोलवर पाणी नसतेच असे नाही. दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यावर किंवा एखाद्या मोठ्या भेगेत ३००-४०० फुटांवरही पाणी लागते, आणि सुरुवातीला ते जोरातही असते. मात्र ते पाणी तिथे पोहोचायला बराच काळ लागलेला असतो आणि त्याची भरपाई फार सावकाश होते. म्हणून पहिल्या वर्षी दोन इंच पाणी देणारा बोअर तिसऱ्या वर्षी गुळण्या टाकू लागतो, आणि मग शेतकरी म्हणतो की झरा बंद पडला. झरा बंद पडलेला नसतो, साठा संपलेला असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पुष्कळ ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी केसिंग, म्हणजे बोअरच्या आतून बसवायचा पाइप, वरच्या मातीपुरते, वीस-तीस फूट घालतात. त्याखालचा बोअर उघडा असतो, आणि मुरमातले व मांजऱ्यातले पाणी त्या भोकातून धबधब्यासारखे खाली पडते. रात्री शांतता असताना अशा बोअरला कान लावला, तर पाणी पडल्याचा आवाज ऐकू येतो. याचा अर्थ, तुम्हाला ४०० फुटांवर जे ‘नवे’ पाणी लागले त्यातला मोठा भाग शेजारच्या ४० फुटी विहिरीतलाच असतो; फक्त आता ते दहापट उंच उचलावे लागते.

तिसरी दुरुस्ती उसाच्या हिशेबात. पिकाला थेट पावसाचे जे पाणी मिळते ते वजा करायला हवे, आणि पाटाने दिलेल्या पाण्यातले काही पुन्हा मुरते तेही धरायला हवे. त्यामुळे चाळीसचे कदाचित तीसच्या आत येतील, मात्र निष्कर्ष बदलत नाही. उलट एक वजाबाकी तुमच्याकडून राहिली आहे: जे मुरते ते सगळे आपल्यासाठी थांबत नाही. दिवाळीपर्यंत ओढ्याला जे स्वच्छ पाणी वाहते ते भूजलच असते. उपसा शून्य असला तरी उतारावरच्या विहिरीची पातळी खाली जाणारच.

राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. दीड हजारांहून अधिक पाणलोटांचा अंदाज त्यावरून बांधला जातो. हे काम चांगले आहे, पण एका पाणलोटात दोन-तीन विहिरी म्हणजे तालुक्याच्या तापाचे निदान दोन रोग्यांवरून करण्यासारखे आहे. बेसाल्टमध्ये आडवे पाचशे फूट गेले तरी खडकाचा स्वभाव बदलतो. खडकाची एखादी उभी भिंत, डाईक, जमिनीखाली मध्ये असेल तर तिच्या एका बाजूला विहीर तुडुंब असते आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत.

प्रतिसाद २: रावेरकर

धाग्याचा विषय बेसाल्ट असला तरी खानदेशातून एक वेगळी बाजू मांडतो. आमच्याकडे तापीच्या काठाने, यावल-रावेर भागात, गाळाची जमीन फार खोलवर आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-रेतीचा पट्टा आहे. रेतीत पाणी निथळण्याचे प्रमाण तुमच्या खडकाच्या पाच-सात पट असते. त्यामुळे केळी वाढली, पंप वाढले, आणि तरीही कित्येक वर्षे कोणाला काही जाणवले नाही; पातळी दरवर्षी थोडी उतरत होती आणि आम्ही दरवर्षी पंप थोडा खाली सोडत होतो. आमच्या आजोबांच्या काळी मोटेने पाणी निघत होते, आज पाणबुडी पंप शेकडो फूट खोल आहेत, आणि आमचे तालुके अतिशोषितांच्या यादीत गेले.

माझ्या मते तुमच्यावर निसर्गाने एक उपकार केला आहे. तुमचा खडक दर माघात बजावतो की संपले. आमची रेती तीस-चाळीस वर्षे गप्प बसली.

प्रतिसाद ३: डाळिंबवाला

मी सांगोला भागातला बागायतदार आहे. वरचे सर्व वाचले. आकड्यांबद्दल वाद नाही, पण अशा चर्चेत शेवटी बोट आमच्याकडे वळते, म्हणून लिहितो.

माझे शेततळे आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, प्लास्टिकचे अस्तर घातलेले. सुमारे २२ लाख लिटर मावते. कागदोपत्री ते पावसाचे पाणी अडवण्यासाठी आहे. प्रत्यक्षात माझ्या रानातून वाहून येणाऱ्या पाण्याने ते कधीच भरले नाही, ते मी भाद्रपद-आश्विनात विहिरीवरून भरतो, आणि माझ्या माहितीतले बहुतेक लोक तसेच करतात. हे चूक आहे हे मला कळते. मास्तरांच्या हिशेबाने मी साडेचार हेक्टरांखालचे पाणी उचलून उन्हात ठेवतो, आणि वैशाखात रोज सात-आठ मिलिमीटर उडून जाते ते वेगळेच. तळे भरलेले असेल तर सात हजार लिटर दिवसाला.

पण मी आश्विनात उपसले नाही, तर ते पाणी माझ्या विहिरीत माझी वाट पाहत थांबणार आहे काय? शेजाऱ्याचा पंप दोनशे फुटांवर आहे. मी थांबलो तर तो उपसेल, तो थांबला तर पलीकडचा उपसेल. तळ्यात आले ते माझे, खडकात राहिले ते सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही. बाजरी एक वर्ष नाही पेरली तर चालते. बाग एक उन्हाळा वाळली तर पाच वर्षांची मेहनत आणि बँकेचे कर्ज दोन्ही अंगावर येते. भावाच्या प्रश्नाला मास्तरांकडे उत्तर नव्हते, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, त्याबद्दल आभार.

प्रतिसाद ४: माणदेशी मास्तर

डाळिंबवाले, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचा खरा प्रश्न पुढे आला. मी खडकात पाणी किती, असे विचारले होते. तुम्ही ते कोणाचे, असे विचारले आहे. बोट तुमच्याकडे नाही, माझ्या सख्ख्या भावाकडेच आहे, आणि त्याच्या जेवणाच्या ताटावर मीही बसतो.

एक भर घालतो. पूर्वी उपशाला दोन लगाम होते, बैलांचा दम आणि विजेचे बिल. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज माफ आहे आणि सौरपंपाला तर बिलच नाही. शेतकऱ्याला दिलासा हवा हे मला मान्य आहे, तरी पाणी उचलण्याचा खर्च शून्यावर आला की पंप बंद करायला एकच कारण उरते, पाणी संपणे.

प्रतिसाद ५: लेखणी आणि नांगर

‘कोणाचे’ याचे कायदेशीर उत्तर असे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहातून न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत काढून वापरण्याचा हक्क जमीनमालकाला मानला. त्या काळी मोट हेच साधन होते, त्यामुळे त्या हक्काला आपोआप मर्यादा होती. पाणबुडी पंप आल्यावर कायदा तोच राहिला आणि मर्यादा निघून गेली. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही, हा त्याचा दुसरा अर्थ.

महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी कायदा केला. त्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेता येत नव्हती. पुढे २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन कायदा आला, जो प्रत्यक्षात २०१४ मध्ये लागू झाला. त्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. मास्तरांच्या बंधूंचा बोअर त्याच्या तिप्पट खोल गेला आणि त्यांना कोणी हटकले नाही, यावरून अंमलबजावणीची कल्पना यावी. रात्री नऊला आलेली गाडी पहाटे निघून जाते. तिला अडवण्यासाठी कोणत्या कार्यालयातला कोणता माणूस जागा राहणार?

प्रतिसाद ६: मस्कतहून

गेली अठरा वर्षे ओमानमध्ये आहे. मूळ गाव बार्शीकडे. इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, बारमाही नदी एकही नाही, तरीही डोंगराच्या पायथ्याशी शेकडो वर्षांची खजुराची बने उभी आहेत. त्यांचा आधार म्हणजे ‘फलज’. डोंगराच्या कुशीत जिथे भूजल उंचावर आहे तिथे एक मूळ विहीर खोदतात आणि तिथून अत्यंत मंद उताराचा बोगदा खोदून पाणी मैलोन्मैल गावापर्यंत आणतात. पंप नाही, इंजिन नाही. देशात असे सुमारे तीन हजार चालू फलज आहेत आणि त्यांतल्या पाचांना २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नझवा शहरातला फलज दारिस मी अनेकदा पाहिला आहे. उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्या काठावर पाय सोडून बसलेली मुले पाहिली की गावच्या बारवेची आठवण येते.

डाळिंबवाल्यांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. फलजातले पाणी लिटरमध्ये मोजत नाहीत, वेळेत मोजतात. ‘अथर’ म्हणजे अर्धा तास, आणि ज्याचे जितके अथर तितका वेळ सर्व प्रवाह त्याच्या शेतात. पूर्वी दिवसा खांबाच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरत असे. पाणी गावात शिरते तिथे आधी पिण्यासाठी भरायचे, मग मशीद आणि आंघोळीच्या जागा, मग शेते. काही पाळ्या गावाच्या मालकीच्या असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून बोगद्याची डागडुजी होते. सगळ्यावर देखरेख करणारा ‘वकील’ गावाने नेमलेला असतो, आणि तो आपल्याकडच्या पाटकऱ्याहून बराच वजनदार माणूस असतो.

आणखी एक बारकावा. खजूर हे कायमचे झाड, म्हणून त्याचे क्षेत्र कमी पाण्याच्या वर्षात तगेल एवढेच ठेवतात. प्रवाह चांगला असेल त्या वर्षी बनाच्या खालच्या बाजूची रिकामी जमीन धान्याला आणि चाऱ्याला घेतात. प्रवाह रोडावला की ती जमीन पडीक. म्हणजे बाग वाईट वर्षाच्या मापाची आणि शेती चांगल्या वर्षाच्या मापाची. आपल्याकडे मी नेमके उलटे पाहतो, दोन चांगल्या वर्षांवर बागा वाढतात.

इथले सगळे गोडवे गाण्यासारखे नाही, हेही सांगायला हवे. बातिना किनाऱ्यावर पंपाच्या विहिरी आल्या, उपसा वाढला, समुद्राचे खारे पाणी आत शिरले आणि चांगली बने जळाली. फलज असलेल्या गावांनाही वरच्या अंगाला कोणी खोल विहीर घेतली की फटका बसतो. परंपरा पंपापुढे टिकतेच असे नाही.

प्रतिसाद ७: खडकवाचक

मस्कतकरांनी लिहिलेल्या व्यवस्थेचा चुलतभाऊ आपल्या घरातच आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गावी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगराच्या अंगातले पाझर भूमिगत नळांतून शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ चा, त्याच कुळातला. या रचनांची खरी करामत मला अशी वाटते की त्यांना अधाशीपणा करताच येत नाही. पातळी तोंडाच्या खाली गेली की पाणी वाहणे थांबते. खालचा साठा आपोआप सुरक्षित राहतो. पंपाला अशी लाज नसते.

प्रतिसाद ८: डाळिंबवाला

वाईट वर्षाच्या मापाची बाग, ही गोष्ट पटली. आमच्या बाजूला २०१५-१६ नंतर कित्येकांनी निम्म्या बागा काढल्या, पण त्या ठरवून नव्हे, वाळल्यावर. त्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले होते. पहिल्या गाडीला दहा टाक्या, टाकीत पन्नास हजार लिटर. आज वरचा हिशेब वाचताना लक्षात आले की ती सबंध गाडी म्हणजे मास्तरांच्या एका हेक्टरखालचे पाच लाख लिटर. आणि मी चार गाड्यांहून अधिक पाणी शेतात उघडे ठेवतो.

ठिबक मात्र माझ्याकडे शंभर टक्के आहे. त्याचा काही उपयोग धरणार की नाही?

प्रतिसाद ९: खडकवाचक

ठिबकाचा उपयोग निश्चित आहे, झाडापाठीमागे पाणी कमी लागते. पण वाचलेले पाणी कुठे गेले, हे विचारावे लागते. एका एकराचे पाणी वाचले आणि त्यावर दुसरा एकर लावला, तर उपसा होता तेवढाच राहिला, आणि पाटाच्या पाण्यातून पूर्वी जे थोडे परत मुरत होते तेही थांबले. ठिबक काटकसरीचे साधन आहे, मर्यादा ठरवण्याचे नाही. तीच गोष्ट पाणी अडवण्याच्या कामांची. डोंगरावर चर खणणे, बांध घालणे उत्तमच. परंतु नाला खोल करताना मुरूम ओलांडून पाषाणात गेलो, तर आजूबाजूच्या शिवारातले भूजल त्या खड्ड्यात निथळून येते, आणि भरलेला नाला पाहून आपण पाणी वाढले म्हणतो.

मर्यादा गावानेच ठरवल्याची दोन उदाहरणे आपल्याकडे सर्वांना माहीत आहेत. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी बाहत्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरत होता, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. दुसरे हिवरे बाजार. पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, पण शेतीसाठी बोअर बंद, आणि दरवर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर रब्बीचे पीक ठरवायचे.

प्रतिसाद १०: लेखणी आणि नांगर

हिवरे बाजारचे नाव प्रत्येक चर्चेत येते आणि पुढे काही होत नाही, हे थोडे कडवटपणे नोंदवतो. पोपटराव पवारांसारखा माणूस तीन दशके एकाच गावाला चिकटून राहिला, गाव लहान होते, आणि पाणलोटाची हद्द बरीचशी गावाच्या हद्दीतच होती. आमच्या गावात एकच ओढा तीन ग्रामपंचायतींतून जातो आणि तिन्ही सरपंच एकमेकांचे फोन उचलत नाहीत. २०१९ च्या शेवटी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत राज्यातले १३ जिल्हे घेतले होते आणि गावाने पाण्याचे अंदाजपत्रक करावे अशी अटही होती. आमच्या शेजारगावी ते अंदाजपत्रक समाजमंदिराच्या भिंतीवर सुबक अक्षरांत रंगवले आहे. त्याच भिंतीला टेकून बोअरची गाडी उभी असलेली मी पाहिली आहे.

प्रतिसाद ११: रावेरकर

भिंतीवरचे आकडे तालुक्याच्या सरासरीवरून काढलेले असतात, म्हणून कोणाला ते आपले वाटत नाहीत. मास्तर, तुमच्या आजोबांच्या विहिरीची पातळी कोणी नोंदवून ठेवली आहे का?

प्रतिसाद १२: माणदेशी मास्तर

नाही. सात पिढ्यांचे सातबारे पेटीत आहेत, विहिरीच्या पाण्याची एक ओळ कुठे नाही. मोजायचे झाले तर नेमके कसे मोजावे, खडकवाचकांनी सांगावे. यंत्र घ्यावे लागेल काय?

प्रतिसाद १३: खडकवाचक

यंत्र नको. न ताणणारा सुती दोर, टोकाला लोखंडी वजन आणि फुटाफुटावर गाठ पुरते. मोजपट्टी मिळाली तर उत्तमच. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजा. उघड्या विहिरीत मोजा, बोअरमध्ये दोर अडकतो. पंप चालू असताना किंवा नुकताच बंद केल्यावर घेतलेला आकडा निरुपयोगी असतो, रात्रभर विहीर शांत राहिल्यावर पहाटे मोजायचे. महिन्यातून एकदा पुरे, मात्र सप्टेंबरअखेर, जानेवारी, मार्च आणि मेअखेर चुकवू नका, म्हणजे सरकारी नोंदींशी ताडून पाहता येईल. सोबत पावसाचा आकडा लिहा. एका विहिरीवर थांबू नका, ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या मिळून आठ-दहा विहिरी घ्या, आणि त्यांत बोअर घेतलेल्या शेतांशेजारच्या दोन असू द्या. दोन पावसाळ्यांनंतर तुमच्या दोनशे एकरांबद्दल तुम्हाला जे कळेल ते माझ्यासारख्याला तालुक्याच्या नकाशावरून सांगता येणार नाही.

प्रतिसाद १४: डाळिंबवाला

मीही सुरू करतो. शेततळे भरण्याआधी आणि भरल्यानंतर, दोन्ही वेळा मोजेन, आणि शेजाऱ्याच्या विहिरीतही मोजायला मागेन. तो काय म्हणेल याची कल्पना आहे.

प्रतिसाद १५: माणदेशी मास्तर

काल दोर आणला, गाठी मारल्या, कठड्यावर शेंदराची खूण केली. आईला वाटले विहिरीला नवस बोललो. आज पहाटे पाणी खुणेपासून २३ फुटांवर लागले. परंतु हा आकडा वहीत कंसात लिहिला आहे, कारण भावाचा पंप चारलाच सुरू झाला होता आणि मी पोहोचलो साडेचारला. उद्या साडेतीनला जाईन. भावाला विचारले, तर म्हणाला की दोर धरायला मीच येतो, तुझी नजर अंधारात चालत नाही.